कुणी कुणाला पाजलं

मला चौदा तान्ह्या मुलांच्या रडण्याची नक्कल करता येते. भुकेचं रडणं वेगळं, ओल्या दुपट्याचं वेगळं, पोटात कळ आल्याचं वेगळं, आणि 'मला काही झालेलं नाही, पण शेजारचा रडतोय तर मी का मागे राहू' हे तर अगदीच वेगळं. आमच्या चामराजपेटेतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी नाटकाच्या दोन अंकांच्या मध्ये, आत नेपथ्याची ठोकाठोक चालू असताना, मला पडद्यापुढे ढकलतात. मी रडते, लोक हसतात. एकदा तर पहिल्या रांगेतलं एक खरं बाळ माझं ऐकून रडायला लागलं आणि त्याची आई मलाच म्हणाली, "अक्का, आता गप्प करा त्याला."

यंदा मंडळाच्या दिवाळी वार्षिकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, हे सगळं लिहून द्या. मी म्हटलं, रडणं कागदावर कसं उतरवू? "मग गिरणीबद्दल लिहा," ते म्हणाले. "पण हसवा हं, अक्का." हसवायचा प्रयत्न करते. शेवटपर्यंत जमेलच असं नाही.

बंगळूरच्या एका रेशीम गिरणीत मी पाळणाघराची बाई होते. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून मीही दिला. लागले तेव्हा देश स्वतंत्र होऊन फार दिवस झाले नव्हते. यजमानांना छातीचा आजार जडला होता, आणि पदरात दोन मुलं, धाकटा चार वर्षांचा. कायदा नवा आला होता: अमुक इतक्या बायका कामावर असतील तर गिरणीनं पाळणाघर काढलंच पाहिजे. गिरणीनं उपाहारगृहाच्या मागे पत्र्याचं छप्पर टाकलं, त्याला तीन खिडक्या ठेवल्या आणि बाई शोधायला सुरुवात केली. साहेबांनी मला विचारलं, "मुलं सांभाळता येतात का?" मी म्हटलं, "दोन आहेत. दोन्ही अजून धडधाकट आहेत." घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शेजारच्या गल्लीतली दखनी, अशा तिन्ही भाषा येतात म्हटल्यावर त्यांनी दुसरं काही विचारलं नाही.

आधी गिरणी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रेशीम किड्याच्या कोषातून निघतं हे शाळेत शिकवतात. कसं निघतं ते शिकवत नाहीत. कोष गरम पाण्याच्या कुंडीत टाकायचे. मऊ झाले की बोटांनी चाचपून एकेका कोषाचं टोक शोधायचं. सात-आठ टोकं एकत्र करून डोक्यावरच्या फिरत्या रहाटाला द्यायची. तुटलं की पुन्हा पाण्यात हात. पाणी कसं, तर हात बुडवता येईल पण बुडवावासा वाटणार नाही इतकं गरम. प्रत्येक कोषात किडा असतो आणि तो तिथेच शिजतो. आमच्या बायका बसमध्ये चढल्या की माणसं सरकून बसत. लग्नात अत्तर लावून जी साडी मिरवतात, तिचा पहिला वास तो.

हा वास बायकांच्या हातांना असायचा, आणि तान्ह्या मुलाला आईचा हात म्हणजेच आई. हात जवळ आला की मूल तोंड फिरवायचं. म्हणून माझ्या दारात पाण्याचं पिंप, त्याशेजारी राखेचं डबडं आणि लिंबाच्या सालींची परडी. साली मी रोज उपाहारगृहातून मागून आणायची. तिथला स्वयंपाकी मला 'लिंबू अक्का' म्हणायचा. आधी राख, मग साल, मग कोपरापर्यंत पाणी. त्याशिवाय मुलाला हात लावायचा नाही हा नियम माझा, गिरणीचा नव्हे.

आता हिशेब करा. पाजायला सुट्टी दोन, साडेनऊला आणि दोनला, पंधरा-पंधरा मिनिटांची. मधे साडेअकराला जेवणाचा अर्धा तास, त्यात एका हातानं भाताचा घास आणि दुसऱ्या हातानं मूल. कुंडीपासून माझ्या दारापर्यंत दोनशे बारा पावलं. मी मोजली आहेत. जाण्यायेण्याची चार मिनिटं, हातांची तीन. उरली आठ. आठ मिनिटांत मूल पोटभर पितं का? मूल पितं हो, आईला पाजता येत नाही. तिचे कान भोंग्याकडे असतात आणि दूध भोंग्याला घाबरतं.

त्यातून दारात शामण्णा. हा आमचा टाइमकीपर. पोटावर साखळीचं घड्याळ आणि मिशीला तेल. "हदिनैदु निमिष अंद्रे हदिनैदु निमिष," म्हणजे पंधरा मिनिटं म्हणजे पंधराच मिनिटं. हे तो अशा आवाजात म्हणायचा, जणू घड्याळ त्यानंच शोधून काढलंय. त्याची नक्कल मी त्याच्याच समोर करायची आणि तो खूश होऊन म्हणायचा, "सरी अक्का, पण आवाज स्वल्प आणखी जाड." माणूस वाईट नव्हता. त्याला आठ मुलं होती, आणि मला वाटतं, आठांपैकी एकालाही त्यानं कधी उचललं नसावं.

या बायकांचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नळावर रांग, चूल, मुद्दे म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, नवऱ्याचा डबा, मोठ्या मुलांची वेणीफणी, मग तान्ह्याला बांधून दोन-तीन मैल चाल. पावणेसातला मूल माझ्या हातात. भोंगा सातचा. साडेनऊला पाच मिनिटं कमी असताना त्यांना घड्याळ लागायचं नाही. चोळ्या आपोआप भिजायच्या. कुंड्यांच्या वाफेत सगळ्याच ओल्या, त्यामुळे मुकादमाला कळायचं नाही. आम्हाला कळायचं.

एक सांगून टाकते, कारण वार्षिक घरोघरी जातं आणि लोकांना वाटतं गिरणीतल्या बायका निष्काळजी असतात. कधीकधी एखादं मूल सकाळी फारच शांत यायचं. डोळे अर्धे मिटलेले, मान सैल. मी त्याचं तोंड हुंगायची. अफूचा कण. रात्री रडू नये, आईला चार तास झोप मिळावी, नाहीतर कढत पाण्यात हात चुकतो, म्हणून दिलेला. पहिल्या वेळी मी त्या बाईवर ओरडले. तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना फोड होते. त्यानंतर मी ओरडले नाही. मूल दुपारपर्यंत मांडीवर घेऊन बसायची, जागं ठेवायची, आणि संध्याकाळी म्हणायची, "उद्या देऊ नकोस. रडलं तर रडू दे, इथे आणून झोपव, मी जागते." काहींनी ऐकलं.

आता माझ्या हुशारीची गोष्ट, जी मी फार वर्षं मिरवली.

मूल आजारी पडलं, ताप चढला, तर आईला बोलवायचं कसं? गिरणीत टेलिफोन होता तो साहेबांच्या टेबलावर. निरोप पाठवायचा तर शामण्णाच्या परवानगीनं, आणि ती मिळेपर्यंत ताप उतरलेला तरी असायचा किंवा डोक्यात गेलेला. म्हणून मी एक युक्ती काढली. पाळणे म्हणजे आमच्याकडे झोळ्या, छपराच्या वाशाला टांगलेल्या. प्रत्येक झोळी त्या त्या आईच्या जुन्या साडीची; अंगाचा वास असला की मूल झोपतं. प्रत्येक साडीची एकेक पट्टी मी फाडून ठेवली होती. काम पडलं की ती पट्टी बाहेरच्या वाळणाच्या दोरीवर टाकायची. दोरी कुंड्यांच्या दालनाच्या खिडकीतून दिसायची. खिडकीजवळची बाई बघायची आणि रांगेतून कुजबुज जायची: 'जांभळी, पांढरे ठिपके'. जिची जांभळी ती पोट दुखतंय म्हणून उठायची आणि संडासाच्या वाटेनं माझ्याकडे. शामण्णा वर्षानुवर्षं म्हणत राहिला, "अक्काला धुण्याची भारी हौस."

सगळ्या पट्ट्या मला तोंडपाठ होत्या. माझी कधी चूक होत नाही, असं मी सगळ्यांना सांगायची.

रझिया तेव्हा नवी होती. विशीतली, लहानखुरी, तोंडाची फटकळ. नवरा टांगा हाकायचा. तिची मुलगी नूर चार महिन्यांची. नूर बोंडल्यानं दूध घ्यायची नाही. आई दिवसभर जवळ नसलेल्या मुलाला बोंडलं आलंच पाहिजे. दोन पाजण्यांच्या मधे गाईचं पातळ दूध त्या चोचीतून घालायचं, हे माझं मुख्य काम. मी म्हणायची, असं मूल जन्माला यायचंय ज्याला मी बोंडलं शिकवलं नाही. नूर जन्माला आली होती. ओठ घट्ट मिटायची, आणि उघडलेच तर दूध माझ्या तोंडावर. मी रझियाला आठवडाभर सांगत होते, "आज घेईल बघ."

फातिमाबी तिच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. उंच, शांत, चालणं डौलदार. तिचा करीम अकरा महिन्यांचा, जाडजूड, झोळीतून बाहेर पडून सगळ्या मुलांचे लाकडी चमचे गोळा करणारा. एकाच गल्लीत राहणाऱ्या या दोघींचा त्या आठवड्यात अबोला होता, आणि कारण काय, तर साडी. दोघींनी मागच्या ईदच्या आधी चिकपेटेत एकाच दुकानातून, एकाच गठ्ठ्यातली साडी घेतली होती: हिरवी, पिवळ्या काठाची. एक म्हणे मी आधी घेतली, दुसरी म्हणे माझं बघून घेतली. वर्षभर अंगावर घालून दोघींनी त्या विटवल्या, तरी भांडण नवं होतं.

रझियाची झोळी त्या साडीची होती. फातिमाबीची तपकिरी. ती तपकिरी फाटली आणि सोमवारी फातिमाबीनं झोळीसाठी तिची हिरवी आणली. मी माझ्या हातानं ती टांगली, पट्टीही फाडली. आणि डोक्यात नोंद केली नाही.

बुधवारी नूरला हगवण लागली. सकाळपासून पाच-सहा वेळा. साडेनऊला रझिया आलीच नाही, कारण तिला त्या दिवशी कोष निवडायला गोदामात धाडलं होतं आणि गोदामाचा मुकादम पाजायच्या सुट्ट्या मानायचा नाही, जेवायलाही बाहेर सोडायचा नाही. मला हे माहीत नव्हतं. दहा वाजता नूरचं रडणं थांबलं. चौदा मुलांची रडणी मला येतात, पण पंधरावा प्रकार असतो, न रडण्याचा, आणि त्याची नक्कल मी कधी केली नाही. तिची टाळू खाली बसली होती. जीभ कोरडी. बोंडलं लावलं की ओठ मिटलेले. मी हिरवी पट्टी दोरीवर टाकली.

दोन मिनिटांत फातिमाबी दारात. पळत आली होती, पदर एका खांद्यावर, हात कोपरापर्यंत वाफाळलेले.

"मेरे करीम कू क्या हुआ?"

करीम समोर बसून चमचा आपटत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गोदामाला खिडकी नव्हती. रझियाला काही दिसणार नव्हतं. दालनातून ती पट्टी फातिमाबीनं आपली समजून पाहिली होती. माझी चूक माझ्यासमोर उभी होती आणि तिला धाप लागली होती.

मी नूरला उचललं. "रझियाची. ही काही घेत नाही. तू पाज."

ती जागची हलली नाही. "अक्का, हमारे में दूध पिलाए तो रिश्ता होता. इसकी माँ गोदाम में है, उसकू पूछे बगैर कैसे पिलाऊँ?" मग मला समजेल असं तिनं सांगितलं, की ज्या बाईनं पाजलं ती त्या मुलाची आई होते, तिची मुलं त्याची भावंडं होतात. पुढे त्यांची आपसात लग्नं होत नाहीत. म्हणून कुणी कुणाला पाजलं हे सगळ्यांना माहीत असावं लागतं.

मी म्हटलं, "फातिमाबी, आधी मूल राहू दे. नातं मग बघू."

तिनं नूरच्या टाळूवर हात ठेवला. मग पिंपाकडे गेली. राख, साल, पाणी. घाई नाही केली. येऊन भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "रझिया कू तुम बोलना, हाँ अक्का. मैं उससे बात नहीं करती ना. तुम बोलना." मी म्हटलं, सांगते. वचन दिलं.

नूर पहिल्यांदा नुसती पडून होती. मग तिचा ओठ हलला. मग मला आवाज ऐकू आला, तो गिळण्याचा बारीक आवाज, ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं ही नोकरी केली. फातिमाबीनं तिला दोन्ही बाजूंनी पाजलं, पोटभर. करीम रांगत आला आणि आईच्या मांडीवर दुसऱ्याचं मूल बघून संतापला. तिनं त्याला मोकळ्या हातानं जवळ ओढलं. शामण्णा दारात येऊन घड्याळ काढणार तेवढ्यात त्यानं माझं तोंड पाहिलं आणि घड्याळ परत खिशात टाकलं. त्या दिवशी फातिमाबी माझ्याकडे चाळीस मिनिटं होती.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी साखर-मिठाचं पाणी थेंबथेंब द्यायला सांगितलं. दुपारपर्यंत नूरचे डोळे चकाकायला लागले.

चार वाजता रझिया धावत आली. गोदामात तिला कुणीतरी सांगितलं होतं की मुलीला बरं नव्हतं. नूर झोपलेली, गाल किंचित भरलेले. रझियानं तिला उचललं, हुंगलं आणि विचारलं, "अक्का, आज बोंडला ली क्या?"

मी म्हटलं, "ली."

एक अक्षर. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की खरं सांगितलं असतं तर चुकीच्या पट्टीची गोष्ट गिरणीभर झाली असती, शामण्णाला दोरीचं गुपित कळलं असतं आणि सगळ्या आयांचं नुकसान झालं असतं. ते खोटं नाही. पण रझियाचं तोंड त्या क्षणी असं उजळलं होतं आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मीच तिची मुलगी परत आणली. आणि मला ते आवडलं. खरं कारण एवढंच.

उद्या सांगू, असं म्हणता म्हणता पंधरवडा गेला. नूर बरी झाली आणि मग खरोखरच बोंडलं घ्यायला लागली, म्हणजे माझ्या खोट्याला पुरावाही मिळाला. तेवढ्यात फातिमाबीच्या नवऱ्याला कोलारला काम लागलं. जाताना तिनं विचारलं, "बोले ना?" मी मान हलवली. कुठल्या दिशेनं हलवली ते मलाही सांगता येणार नाही. दीड-दोन वर्षांनी कळलं, दुसऱ्या बाळंतपणात ती गेली. मूलही गेलं. करीमला आजीनं वाढवलं.

मधली वर्षं वगळते. झोळ्या बदलल्या, पाळणाघराला पंखा आला, शामण्णा निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, "अक्का, वाळायला टाकलेलं कापड कुणी दर अर्ध्या तासाला बदलत नाही." वीस वर्षं त्याला माहीत होतं. मी त्याच्या नकला केल्या आणि नाटक तो करत होता.

साठ सालानंतरचं दशक संपत आलं होतं. करीम बंगळूरला परत आला आणि आमच्याच गिरणीत बॉयलरवर लागला. उंच, आईसारखं चालणं. रझिया अजून कुंडीवर होती. तिला तीन मुली, मुलगा नाही. हा फातिमाबीचा मुलगा असं कळलं तेव्हा ती त्याला रोज डब्यातलं वाढायला लागली. साडीवरचं ते भांडण ती आता हसत सांगायची, "हम दोनों सहेलियाँ थे." मी ऐकून घ्यायची.

एका दुपारी दोनच्या सुट्टीत ती पाळणाघरात आली. सवयीनं हात धुतले, तान्हं मूल नसताना. पदराखालून साखरेचा पुडा काढला.

"अक्का, पहला मुँह तुम्हारा मीठा. नूर का रिश्ता पक्का करी. पूछो किससे."

मी दुपटी घडी करत होते. मला विचारायची गरज पडली नाही.

"करीम से. दोनों तुम्हारी झोली में सोए सो बच्चे." तिनं पुड्याचा दोरा सोडला. "बिन माँ का बच्चा है. मेरे कू बेटा नहीं. अल्ला ने हिसाब बराबर करा." मुलगा लाजतोय, नूरनं दाराआडून पाहिलंय, रमझाननंतर निकाह, असं ती सांगत राहिली. मी घडी घालत राहिले. भिंतीवर घड्याळ होतं. पंधरातली अकरा मिनिटं गेली.

मनात काय चाललं होतं ते लपवत नाही. कुणाला माहीत होतं? पाजणारी मातीत, प्यायलेली दोघं अजाण, शामण्णा निवृत्त, आणि मी. त्यांचा तो नियम माझा नव्हता. मी गप्प बसले असते तर दोन घरं सुखी झाली असती आणि जगात कुणाचं काही बिघडलं नसतं. पण वचन माझं होतं. फातिमाबीनं घाईतही कोपरापर्यंत हात धुतले होते आणि एकच गोष्ट मागितली होती.

मी बोलते तेव्हा हातवारे करते, आवाज बदलते; लोकांना माझी सवय आहे. त्या दिवशी मी दुपटी खाली ठेवली आणि सरळ सांगितलं. हगवण, पट्टी, फातिमाबी.

संपल्यावर रझियानं विचारलं, "कितने बार?"

"एकदाच."

"पेटभर?"

"पोटभर."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "उस दिन मैं पूछी थी. तुम बोले, ली. घर जाके मैं शुकराने की नमाज पढ़ी. तुम्हारा नाम लेके पढ़ी, अक्का."

भोंगा झाला. साखरेचा पुडा तिथेच ठेवून ती गेली. दोनशे बारा पावलं मी तिला जाताना पाहिली. ती घाईत नव्हती.

तिनं त्यांच्या मशिदीतल्या वडीलधाऱ्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं, नाही होऊ शकत. ही भाऊ-बहीण आहेत. करीम दोन दिवस कामावर आला नाही. रझिया पाळणाघरासमोरून जाताना दुसऱ्या बाजूनं जायला लागली. नूरला मी मांडीवर झोपवलं होतं. ती वाटेत भेटली की खाली बघायची. मी गणपतीत त्या वर्षी नकला केल्या नाहीत. घसा बसलाय म्हणून सांगितलं.

दीड वर्षानं, एका रविवारी सकाळी, चामराजपेटेत माझ्या दारात करीम उभा. हातात लग्नाची पत्रिका.

"अक्का, बहन की शादी है," तो म्हणाला.

मी पत्रिका घेतली. नूरचं नाव होतं, नवरा मुलगा म्हैसूरचा. खाली घरच्या माणसांमध्ये, भाऊ म्हणून, करीमचं नाव.

"रझियाखाला बोले, तू जाके दे. मैं अभी भी उनसे बात नहीं करती बोल." तो किंचित हसला. "पर बोले, आना जरूर."

मी त्याला बसवलं, कॉफी दिली. पेल्यातली कॉफी संपली तरी तो उठेना. पेला बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, अम्मी गेली तेव्हा मी अडीच वर्षांचा. काहीच आठवत नाही. आजी सांगायची ती उंच होती, एवढंच. फोटो नाही. "उस दिन आप थे ना? अम्मी क्या बोले थे?"

मी सांगितलं. पळत आली होती, पदर एका खांद्यावर. हात वाफाळलेले. तुला काही झालंय असं वाटलं होतं तिला.

"क्या बोले थे? कैसे बोले?"

शामण्णाची, साहेबांची, मुकादमांची, चौदा मुलांची, सगळ्यांची नक्कल मी केली आहे, लोकांना हसवायला. फातिमाबीची कधी केली नव्हती. मी डोळे मिटले. धाप आधी आली, मग तो आवाज, थोडा खालचा, 'करीम'वर चढणारा.

"मेरे करीम कू क्या हुआ?"

पेला त्यानं जमिनीवर ठेवला.

"फिर से," तो म्हणाला.